दोन रेषांमधले अंतर

चँडलर हे गाव वसले ते एका पशुवैद्याच्या जमिनीवर. डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर १८८७मध्ये ॲरिझोना प्रांताचे पशुवैद्य म्हणून इकडे आले, कालव्याच्या पाण्यावर त्यांनी मोठी शेती उभी केली आणि १७ मे १९१२ रोजी तिचे तुकडे पाडून विकायला काढले. कापूस आणि लसूणघास पिकवणाऱ्या या गावात १९८०पर्यंत तीस हजारसुद्धा माणसे नव्हती. त्याच सुमारास इंटेलचा चिपचा कारखाना आला, मागोमाग आणखी कारखाने आले आणि २०२०च्या जनगणनेत वस्ती पावणेतीन लाखांवर गेली. या कारखान्यांच्या ओढीने जे भारतीय अभियंते येऊन राहिले त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. चँडलरचा अलीकडचा इतिहास म्हणून हा चिपचाच इतिहास सांगितला जातो. पण गावाची हद्द ओलांडली की लागणाऱ्या टेम्पीतली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि त्यापलीकडच्या स्कॉट्सडेलमधले मेयो क्लिनिक यांच्यामध्ये एका वेगळ्या कामाचा इतिहास घडला. मानेतल्या धमनीच्या सोनोग्राफीत तिच्या भिंतीची कड कुठून कुठे जाते हे यंत्राने आपले आपण आखावे, असे ते काम होते. ही रेष यंत्राला आखता आली म्हणजे गणिताने माणसाचा हात मागे टाकला, असा अर्थ सहसा लावला जातो. उपलब्ध पुरावा तपासला की दुसरेच चित्र दिसते. यंत्र शिकू शकले, कारण त्याआधी तीस वर्षे काही माणसांनी ती रेष कुठे आखायची याचा करार केला, तो पाळला आणि हजारो वेळा हाताने गिरवला. यंत्राच्या रेषेत हा करार जसाच्या तसा उतरला आहे, त्याच्या गुणांसह आणि त्याच्या मर्यादांसह.

हा करार का लागला हे समजण्यासाठी आधी ध्वनीची मर्यादा पाहावी लागते. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. १० मेगाहर्ट्‌झच्या सोनोग्राफीच्या प्रोबमधून निघालेल्या लहरीची लांबी त्यामुळे ०.१५ मिलिमीटरच्या आसपास भरते. निरोगी प्रौढाच्या मानेतल्या या धमनीच्या, म्हणजे कॅरोटिडच्या, भिंतीतले आतले दोन थर, म्हणजे इंटिमा आणि मीडिया, मिळून साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतात. मोजायची वस्तू मोजपट्टीच्या चार-पाच खुणांएवढीच, असा हा प्रकार. मिलानचे पावलो पिन्योली आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात या मोजणीचा पाया घातला. शवविच्छेदनातून मिळालेले महाधमनीचे आणि कॅरोटिडचे तुकडे त्यांनी सोनोग्राफीखाली ठेवले. पडद्यावर दोन समांतर उजळ रेषा आणि त्यांच्यामध्ये एक काळसर पट्टी दिसली. मग त्याच तुकड्यांची जाडी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मोजली, आणि दोन रेषांमधले अंतर इंटिमा व मीडिया यांच्या एकत्रित जाडीशी जुळले. पहिली रेष रक्त आणि इंटिमा यांच्या सीमेची, दुसरी मीडिया आणि बाहेरचा ॲडव्हेंटिशिया यांच्या सीमेची. पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया ही जुळणी आहे.

या शोधातच एक तडजोड होती. शरीररचनाशास्त्रात इंटिमा आणि मीडिया हे वेगळे थर आहेत, त्यांचे आजारही वेगळे आहेत. कोलेस्टेरॉलची पुटे इंटिमात चढतात. वय आणि रक्तदाब यांनी जाड होते ती मुख्यतः मीडिया. सोनोग्राफीला हे दोन थर सुटे दिसत नाहीत, म्हणून दोघांची बेरीज मोजायची असे ठरले. दुसरी तडजोड भिंतीच्या बाजूची. धमनीच्या दोन भिंतींपैकी प्रोबजवळच्या भिंतीवर प्रतिध्वनीची मागची कड वाचावी लागते आणि ती कड यंत्राचा गेन, म्हणजे प्रतिध्वनीचा उजळपणा, वाढवला की सरकते. दूरच्या भिंतीवर प्रतिध्वनीची पुढची कड मिळते, तिची जागा गेनवर फारशी अवलंबून नसते. म्हणून मोजणी दूरच्या भिंतीवर करावी असा संकेत रूढ झाला. तिसरी तडजोड जागेची: धमनी दोन शाखांत फुटते त्या दुभाजनाजवळ ती फुगते, तिथे भिंत वाकडी असते आणि पुटेही तिथेच जास्त साठतात, म्हणून त्या फुगवट्याच्या खालचा सरळ भाग घ्यायचा. २००४मध्ये मानहाइम येथे झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीने आणि २००६ व २०११मधल्या तिच्या सुधारित आवृत्त्यांनी या गोष्टी लिहून काढल्या. भिंत आत अर्धा मिलिमीटर किंवा आजूबाजूच्या जाडीच्या निम्म्याने घुसली, किंवा जाडी दीड मिलिमीटरपुढे गेली, तर तिला प्लाक म्हणायचे, हेही तिथेच ठरले. दीडच का, या प्रश्नाला निसर्गात उत्तर नाही. ते माणसांनी एकत्र बसून ठरवले, आणि तसे ठरवणे आवश्यकच होते.

करार कागदावर येण्याच्या कितीतरी आधी तो हातांत आला होता. अमेरिकेत १९८७ ते १९८९ या काळात चार वस्त्यांतल्या ४५ ते ६४ वर्षे वयाच्या १५,७९२ माणसांची ‘एरिक’ या अभ्यासात नोंदणी झाली. त्यांच्या मानेची सोनोग्राफी व्हिडिओटेपवर घेतली जाई आणि टेपा नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम येथील वाचनकेंद्रात जात. तिथे बसलेल्या वाचकाने फीत थांबवायची, चांगली चौकट निवडायची, कर्सरने कड गिरवायची. एका सेंटिमीटरच्या तुकड्यात मिलिमीटर-मिलिमीटरवर अकरा ठिकाणी जाडी निघायची. कॉमन कॅरोटिड, दुभाजन आणि आतली शाखा अशी तीन ठिकाणे, आणि दोन्ही बाजू. एका माणसामागे हे काम किती होते याचा अंदाज यावरून येईल. मोठ्या लोकसंख्येत धमनीच्या भिंतीची जाडी आणि पुढे येणारा हृदयविकार किंवा पक्षाघात यांचा संबंध दिसला, तो अशा वाचकांच्या बोटांमुळे. ६५ वर्षांवरच्या ४४७६ माणसांवर आधारलेला डॅनियल ओ’लिअरी आणि सहकाऱ्यांचा १९९९चा प्रसिद्ध निबंधही अशाच वाचनावर उभा आहे. वैद्यकाच्या इतिहासात या वाचकांची नावे फारशी कुठे येत नाहीत. प्रोब धरणाऱ्या सोनोग्राफरचा व्यवसाय अमेरिकेत तोवर स्थिरावला होता. १९७५मध्ये स्थापन झालेली नोंदणीसंस्था त्यांची परीक्षा घेई, रक्तवाहिन्यांसाठी वेगळे प्रमाणपत्रही देई. प्रतिमा काढणारा एक, रेष आखणारा दुसरा, निष्कर्ष सांगणारा डॉक्टर तिसरा अशी ही वाटणी होती. पुढे यंत्र आले ते या साखळीतल्या दुसऱ्या माणसाच्या जागी.

संगणकाला या जागेवर बसवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न झाला कॅलिफोर्नियात, आणि त्याची वाट चंद्रावरून आली. पॅसाडिनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत १९६०च्या दशकात अवकाशयानांनी पाठवलेली चित्रे संगणकावर साफ करण्याचे तंत्र तयार झाले. तिथल्या रॉबर्ट सेल्झर यांनी तेच तंत्र क्ष-किरण चित्रांना लावून पाहिले. पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांच्याबरोबर त्यांनी मांडीच्या धमन्यांच्या चित्रांवर काम केले, आणि नंतर हा गट कॅरोटिडच्या सोनोग्राफीकडे वळला. औषधाने धमनीची जाडी कमी होते का, हे ब्लँकनहॉर्न यांना पाहायचे होते. फरक इतका सूक्ष्म असणार होता की माणसाच्या हाताच्या कंपातच तो बुडून गेला असता. कोलेस्टिपॉल आणि नायसिन दिलेल्या रुग्णांत कॅरोटिडची जाडी घटली असे त्यांनी १९९३मध्ये दाखवले. संगणकाने कड कशी पकडली आणि ती कितपत भरवशाची, याचे मूल्यमापन सेल्झर आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये छापले. संगणकाने उजेड-अंधाराची सीमा शोधायची, पण ती साधारण कुठे शोधायची हे दाखवायला माणूस बसलेला असे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाचे काम माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा आहे. क्वान लियांग, इंगर वेंडेलहाग, जॉन विकस्ट्रँड आणि टोमास गुस्ताव्हसन यांनी २०००मध्ये मांडलेली पद्धत अशी होती: चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जाणाऱ्या असंख्य वाटांपैकी ज्या वाटेचा एकूण ‘खर्च’ सर्वांत कमी, ती धमनीची कड. वाट उजळ ठिपक्यांवरून गेली, उजेड झपाट्याने बदलतो तिथून गेली, शेजारच्या रेषेशी ठरावीक अंतर राखून गेली तर खर्च कमी. मध्येच उडी मारली तर जास्त. आधी धूसर केलेल्या चित्रात ढोबळ वाट शोधायची, मग मूळ चित्रात ती नेमकी करायची. गणित डौलदार आहे. पण उजेडाला किती महत्त्व द्यायचे आणि सलगतेला किती, हे प्रमाण आले कुठून? तज्ज्ञांनी हाताने आखलेल्या रेषांवरून. खर्चाचे सूत्र त्या रेषांशी जास्तीत जास्त जुळावे म्हणून त्यातली वजने घासूनपुसून बसवली गेली. एखाद्या वाचकाच्या डोळ्याने संशयाच्या जागी रेष जरा आत घेतली असेल, तर सूत्रही ती आत घेणार. आजच्या न्यूरल नेटवर्कच्या बाबतीत जे मोठ्या प्रमाणावर घडते ते इथे मोजक्या आकड्यांत, उघड्यावर दिसते.

आता ॲरिझोनाच्या खोऱ्याकडे परत येऊ. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तपासणीची मागणी इथे आधीपासून होती. १९६०मध्ये सन सिटी ही निवृत्तांची वसाहत उघडली, १९७२पासून चँडलरच्या दक्षिणेला सन लेक्स उभी राहू लागली. थंडीला कंटाळलेली म्हातारी माणसे लाखांनी या वाळवंटात आली. एडवर्ड डीट्रिक यांनी फीनिक्समध्ये १९७१ साली ॲरिझोना हार्ट इन्स्टिट्यूट काढली. मेयो क्लिनिकने १९८७मध्ये स्कॉट्सडेलला शाखा उघडली. या शाखेतले हृदयरोगतज्ज्ञ आर. टॉड हर्स्ट आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर केंडल यांच्याकडे कॅरोटिडच्या व्हिडिओंचा साठा होता. टेम्पीच्या विद्यापीठात जियानमिंग लियांग यांचा वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारा गट होता. जे शिन, निमा ताजबख्श, हर्स्ट, केंडल आणि लियांग यांचा २०१६चा निबंध या दोन ठिकाणांमधल्या देवाणघेवाणीतून आला. दक्षिणेला चँडलरमध्ये प्रोसेसर घडत होते म्हणून हे काम इथे झाले, असा सोपा धागा जोडण्याचा मोह होईल. तो खरा नाही. अशी नेटवर्क ज्या ग्राफिक्स चिपांवर शिकवली जात त्या तैवानमध्ये बनत. इथे विद्यापीठाच्या जवळ एक रुग्णालय होते, आणि त्या रुग्णालयात शिस्तीने घेतलेले, शिस्तीने वाचलेले व्हिडिओ होते. खरे भांडवल हेच.

त्या शिस्तीचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. सोनोग्राफर आधी मान आडवी तपासतो, मग प्रोब फिरवून धमनी लांबीत पकडतो, गेन आणि फोकस जुळवतो, दोन्ही रेषा स्वच्छ उमटल्या की एका बाजूचे दोन कोनांतून दोन व्हिडिओ घेतो. दोन बाजू, म्हणजे चार व्हिडिओ. प्रत्येक व्हिडिओतून तीन चौकटी निवडायच्या, त्याही हृदय पूर्ण भरलेले असतानाच्या, कारण ठोक्याबरोबर धमनी ताणली की भिंत पातळ होते आणि माप बदलते. तो क्षण ओळखायचा चित्राच्या तळाशी धावणाऱ्या ईसीजीच्या उंच टोकावरून. मग फुगवट्यापासून सुमारे एक सेंटिमीटरवरचा तुकडा निवडायचा आणि त्यात दोन रेषा आखायच्या. बारा चौकटी, चोवीस रेषा, एका माणसासाठी. हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ आहे, म्हणून ही तपासणी दवाखान्यांत पसरत नाही, असे शिन आणि सहकाऱ्यांनी निबंधाच्या आरंभीच नोंदवले आहे. त्यांच्या प्रणालीने चौकट निवडणे, तुकडा निवडणे आणि रेष आखणे ही तिन्ही कामे कन्व्होल्यूशनल या प्रकारच्या न्यूरल नेटवर्ककडे सोपवली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गोथेनबर्गच्या सूत्रात माणसाने नियम घातले होते हे मान्य. पण नेटवर्कला कोणी नियम सांगत नाही, ते चित्रांतून स्वतः खुणा शोधते, मग करार कुठे राहिला? उत्तर त्या प्रणालीच्या बांधणीतच आहे. योग्य चौकट शोधायला नेटवर्क ईसीजीचेच चित्र पाहते, म्हणजे सोनोग्राफर जिथे नजर टाकतो तिथेच. तुकडा निवडताना फुगवटा कुठे आहे हेही ते सोबत शोधते, कारण ‘फुगवट्यापासून सेंटिमीटरभर’ हा नियम माणसांचा आहे आणि फुगवट्याचा आधार घेतल्यावरच जागा भरवशाने सापडते. कडेचा प्रत्येक ठिपका पार्श्वभूमी, पहिली सीमा की दुसरी सीमा, हे नेटवर्क ठरवते. पण उत्तर फाटके-तुटके येते म्हणून शेवटी ‘स्नेक’ या लवचिक रेषेने ते गुळगुळीत करावे लागते. ही युक्ती कास, विटकिन आणि तेर्झोपुलोस यांची, १९८७ची. धमनीची भिंत सलग असते हे माणसाचे ज्ञान तिच्यात आहे. २०१६मध्येच लियांग यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या निबंधाचा निष्कर्ष तर या आक्षेपाच्या मुळालाच हात घालतो. वैद्यकीय चित्रांवर अगदी कोऱ्या नेटवर्कला शिकवण्यापेक्षा, आधी ‘इमेजनेट’मधल्या साध्या छायाचित्रांवर तयार झालेले नेटवर्क घेऊन त्याला थोडे वळण लावले तर ते निदान तितकेच, बऱ्याचदा जास्त चांगले काम करते, असे त्यांना आढळले; त्यांनी तपासलेल्या कामांत कॅरोटिडच्या भिंतीची कडही होती. इमेजनेटच्या स्पर्धेतली बारा लाख छायाचित्रे कुत्री, मांजरे, कप, गाड्या यांची आहेत, आणि प्रत्येकाला नाव माणसांनी बसून दिलेले आहे. धमनीची कड ओळखणाऱ्या यंत्रामागे अशा दुहेरी मेहनतीचा थर आहे. २०१८मध्ये लियांग यांच्याच गटातल्या झोंगवे झोउ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ‘यू-नेट++’ ही रचना जगभर वापरली गेली. तीही माणसांनी रंगवलेल्या सीमांवरच शिकते.

दुसरा आक्षेप असा की, मुळात करार माणसांचा असला तरी यंत्र तो थकल्याशिवाय पाळते; माणूस सकाळी एक रेष आखतो आणि संध्याकाळी दुसरी. हे पूर्ण खरे आहे आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. कॅरोटिडची जाडी वर्षाला सरासरी एक-शतांश मिलिमीटरच्या आसपास वाढते, पडद्यावरच्या एका ठिपक्याहूनही कमी. वाचकाचा हात वर्षभरात एवढा सरकला तरी सगळा निष्कर्ष कोलमडतो. सायप्रस आणि पिसा इथल्या १०८८ माणसांच्या २१७६ चित्रांवर पाच संगणकीय पद्धतींची तुलना करणारा ‘क्यूब्ज’ अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. आज यंत्रे तज्ज्ञाच्या तोडीची मोजणी करू शकतात, याविषयी वाद उरलेला नाही. पण सातत्य म्हणजे सत्य नव्हे, आणि याच मोजणीच्या इतिहासात त्याचा जाहीर दाखला आहे. २००८मध्ये ‘एनहान्स’ या चाचणीत आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ असलेल्या ७२० रुग्णांत स्टॅटिनला एझेटिमाइबची जोड दिली गेली. कोलेस्टेरॉल उतरले, पण कॅरोटिडच्या जाडीत फरक दिसला नाही, आणि औषध निरुपयोगी असल्याची हाकाटी झाली. पुढे ‘इम्प्रूव्ह-इट’ या फार मोठ्या चाचणीत त्याच औषधाने हृदयविकाराचे प्रसंग थोडे पण निश्चितपणे कमी केले. रेष नीट आखली होती. त्या रेषेला जो अर्थ चिकटवला होता तो अपुरा ठरला. त्याआधीच २०१२मध्ये दोन मोठे संकलित अभ्यास आले होते: नेहमीच्या जोखीम-गणनेत ही जाडी मिसळून फारच थोडा फायदा होतो असे एकाने सांगितले, आणि जाडीच्या वाढीच्या वेगाचा पुढच्या आजाराशी संबंध सापडत नाही असे दुसऱ्याने. २०१०च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी जिला बऱ्यापैकी पाठिंबा दिला होता तीच मोजणी २०१३च्या तत्त्वांनी रोजच्या वापरासाठी नाकारली, आणि मोजणीच्या दर्जाविषयीची शंका हे त्यामागचे एक कारण होते.

टेम्पीचे काम या नकारानंतर तीन वर्षांनी आले. मग ते वाया गेले का? तसे मानणे मला अन्यायाचे वाटते. एका रुग्णाच्या बाबतीत कमकुवत असलेले माप हजारो रुग्णांच्या चाचण्यांत उपयोगी असू शकते. ११९ चाचण्यांतल्या १,००,६६७ रुग्णांचा आढावा २०२०मध्ये पीटर विलाइट आणि सहकाऱ्यांनी घेतला, तेव्हा ज्या उपचारांनी जाडीची वाढ अधिक रोखली त्यांनी आजारही अधिक रोखला, असे दिसून आले. शिवाय सीमा आखण्याचे कौशल्य जाडीपुरते अडकून राहत नाही. प्लाकची कड, धमनीची मोकळी पोकळी, नसेत सुई घालण्यासाठी नसेची जागा, या सगळ्यांत तीच विद्या लागते. मात्र या प्रत्येक कामासाठी नवा करार लागतो, आणि प्लाकच्या बाबतीत तो जास्त अवघड आहे. काही प्लाक काळसर, रक्तासारखेच दिसतात. काहींत कॅल्शियमची सावली पडून मागची भिंत झाकली जाते. तिथे दोन अनुभवी तज्ज्ञही एकच रेष आखत नाहीत. यंत्र मात्र एकच रेष दाखवते, आणि तिची जाडी सगळीकडे सारखीच असते.

चँडलरमधल्या मराठी कुटुंबांचा या इतिहासाशी खरा संबंध इथे येतो. अमेरिकेतला ‘मेसा’ हा हृदयरोगाचा मोठा अभ्यास २०००मध्ये सुरू झाला. त्यात ६८१४ माणसे होती, गोरी, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाची. दक्षिण आशियाई गट नव्हताच. ती उणीव भरून काढायला ‘मसाला’ हा अभ्यास उभा राहिला, आणि २०१० ते २०१३ या काळात सॅन फ्रान्सिस्को परिसर व शिकागो इथून ९०६ माणसांची नोंद झाली. त्यांच्याही कॅरोटिडची जाडी मोजली गेली. २०१८च्या कोलेस्टेरॉलविषयक तत्त्वांनी दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदवला. भारतात विश्वनाथन मोहन यांच्या गटाने चेन्नईत केलेल्या अभ्यासाचे आकडे २०००मध्ये आले: मधुमेहींत सरासरी ०.९५ मिलिमीटर, इतरांत ०.७४. म्हणजे ज्यांच्या धमन्यांची काळजी जास्त करायला हवी, त्यांच्या धमन्यांच्या आखलेल्या प्रतिमा कमी आहेत. यावर कोणी म्हणेल, धमनीची कड ही ध्वनीची गोष्ट आहे, तिला वंश कसला? दोन उजळ रेषांपुरते ते मान्य. पण नेटवर्क फक्त उजळपणा शिकत नाही. जाडी साधारण किती असते, कड कुठे असण्याची शक्यता जास्त, हेही ते शिकवणीच्या चित्रांतून घेते. चित्र पुसट असले की या अपेक्षेवरच ते झुकते. लठ्ठ किंवा आखूड मान, मधुमेहाने लवकर जाड झालेली भिंत, स्वस्त यंत्राचा प्रोब, या सगळ्या पुसट चित्राच्या जागा आहेत, आणि चूक नेमकी तिथेच होते.

महाराष्ट्रात ही उणीव भरून काढण्याची वाट अमेरिकेपेक्षा वेगळी असणार. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८मध्ये केला, १९९४चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. या कायद्याखाली सोनोग्राफीचे यंत्र नोंदवावे लागते, नोंदलेल्या जागीच वापरावे लागते, आणि प्रोब डॉक्टरच्याच हातात असतो. मुलींच्या जीवासाठी हे बंधन आवश्यक होते आणि आहे. त्याचा एक परिणाम असा की, गावोगाव यंत्र नेऊन हजारो लोकांच्या माना तपासणे इथे सोपे नाही, आणि प्रतिमा काढणारा सोनोग्राफर, रेष आखणारा वाचक अशी वेगळी माणसे इथल्या व्यवस्थेत तयार झाली नाहीत. डॉक्टर स्वतः पाहतो, पडद्यावर दोन खुणा ठेवून अंतर घेतो, अहवालात एक आकडा लिहितो. कड कुठून आखली हे मागे उरत नाही. पुण्यातल्या किंवा नागपूरच्या रुग्णालयांनी यंत्राला शिकवण्याजोगा साठा तयार करायचा तर सुरुवात इथून व्हायला हवी: एकाच चित्रावर दोन जणांनी एकमेकांचे न पाहता रेष आखावी, दोन्ही रेषा जपून ठेवाव्यात, जिथे त्या जुळत नाहीत तो भाग पुसून टाकू नये, आणि आखणाऱ्यांची नावे व प्रशिक्षण साठ्याबरोबर लिहिलेले असावे. नेटवर्कचा अहवाल चँडलरमधल्या एखाद्या मराठी बाईच्या हातात पडेल तेव्हा ०.८ या आकड्याशेजारी तिच्या डॉक्टरला एवढे तरी दिसले पाहिजे की, ही कड कोणत्या लोकांच्या धमन्यांवर शिकली, आणि या चित्रात तिची खात्री कुठे कमी होती.